आधी वजनकाटा, मग टायर

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात थोंडॉर्फ नावाचा औद्योगिक भाग आहे. तिथल्या श्टायर-डाइमलर-पूखच्या कारखान्यात १९८५ पासून फोक्सवॅगनची एक वेगळी व्हॅन तयार होऊ लागली. गाडीचा सांगाडा जर्मनीतल्या हॅनोव्हरहून यायचा आणि चारही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा ग्राझमध्ये बसायची. फोक्सवॅगनच्या तिसऱ्या पिढीच्या ट्रान्सपोर्टरची, म्हणजे टी-३ ची, ही फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती. नाव सिंक्रो. हे काम ग्राझकडे गेलं, कारण डोंगर चढणाऱ्या गाड्या बनवण्यात तिथल्या लोकांचा हात बसलेला होता. १९५९ ची छोटीशी हाफलिंगर, १९७१ ची पिन्ट्सगाउअर आणि १९७९ ची मर्सिडीज जी-वॅगन या सगळ्या तिथल्याच. शहराच्या उत्तरेला १,४४५ मीटर उंचीचा शॉकल डोंगर आहे. त्याच्या दगडगोट्यांच्या वाटेवर ग्राझच्या गाड्यांचा कस लागत आला आहे.

सिंक्रो दोन मापांच्या चाकांवर बाहेर पडली. बहुतेक गाड्यांना १४ इंची चाकं होती. युरोपात त्यांवर १८५ आर १४ हा साधा, अरुंद, मालवाहू गाडीचा टायर सर्रास चढायचा. दुसरी आवृत्ती १६ इंची. तिचा टायर २०५ आर १६, उंचीला सुमारे ७३५ मिलिमीटर. १४ इंचीचा टायर ६५० च्या आसपास, म्हणजे फरक साडेआठ सेंटिमीटरचा. एवढ्या फरकासाठी कारखान्याने काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सांगाड्याला जागोजागी जादा मजबुती दिली. मागच्या चाकांना धरणारे दांडे लांब केले, चाकांचा वर-खाली होण्याचा पल्ला वाढवला. चाकांकडे ताकद नेणारे जॉइंट मोठे घेतले, गिअरची गुणोत्तरं बदलली, चाकांच्या कमानी कापून रुंद केल्या आणि त्यांवर काळ्या कडा बसवल्या. एवढं झाल्यावर मग मोठा टायर चढवला. एकूण सिंक्रो ४५ हजारांच्या आसपास बनल्या. त्यांतल्या १६ इंची जेमतेम २ हजारांच्या वर.

अमेरिकेत सिंक्रो विकली गेली, पण १६ इंची तिथे कधीच गेली नाही. त्यामुळे तिथल्या मालकांनी आपापल्या गॅरेजात स्वतःची उत्तरं शोधली. कुणी १४ च्याच डिस्कवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या भागावर, जाड नक्षीचा टायर बसवला, कुणी १५ इंची डिस्क आणली, कुणी थेट १६ वर गेले. सिंक्रो असलेली दोन माणसं भेटली की गप्पा आजही टायरपासून सुरू होतात. कोणता टायर घ्यायचा, केवढा घ्यायचा, कोणत्या डिस्कवर घ्यायचा. हे प्रश्न त्या एका गाडीपुरते नाहीत. जड व्हॅन आणि कच्चा रस्ता एकत्र आले की ते येतातच. माझं मत आधीच सांगून टाकते. या प्रश्नाचं उत्तर टायरच्या दुकानात मिळत नाही, ते वजनकाट्यावर मिळतं.

माझ्या आईचे मावसभाऊ म्युनिकजवळ राहतात. मूळचे नाशिकचे, आयुष्यभर यंत्रांच्या आराखड्यांचं काम केलेले. निवृत्तीनंतर मामांनी १४ इंची सिंक्रो घेतली. १.६ लिटर टर्बो डिझेल इंजिन, ७० अश्वशक्ती, आत वेस्टफालिया कंपनीने बसवलेलं स्वयंपाकघर आणि वर उचलणारं छप्पर. मामा-मामी उन्हाळ्यात आल्प्समधल्या जंगलवाटांवर जातात, वसंतात मोरोक्कोपर्यंत जाऊन आले आहेत. या वर्षी गाडीला नवे टायर घ्यायचे होते. जुन्यांची नक्षी अजून चांगली होती, पण टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचले की सगळं कळतं. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ३५१४ असेल तर टायर २०१४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. फिरायच्या व्हॅनचे टायर घासून संपत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. ऊन आणि हवा लागून रबर कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात. दहा वर्षं उलटलेल्या टायरवर नक्षी कितीही खोल असली तरी तो काढावा, यावर मामांचं आणि माझं एकमत झालं.

दुकानात भिंतीवर टायर टांगलेले होते. ऑल-टेरेन म्हणवणाऱ्यांच्या कडेवर मोठी पांढरी अक्षरं, खांद्यावर ठोकळे, रांगडा चेहरा. आपल्याकडे जीपवाले ज्याला बटण टायर म्हणतात त्याच घराण्यातले, पण थोडे सौम्य. हा प्रकार तसा जुना नाही. बीएफ गुडरिचने हलक्या ट्रकसाठी पहिला रेडियल ऑल-टेरेन टायर १९७६ मध्ये आणला. त्याआधी डांबरी रस्त्याचा टायर वेगळा आणि चिखलाचा वेगळा होता. चिखलाच्या टायरमध्ये ठोकळ्यांमधली मोकळी जागा मोठी असते. चिखल तिथे शिरतो आणि चाक फिरताना बाहेर फेकला जातो. पण डांबरावर तोच टायर गुरगुरतो, लवकर घासतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की लांबवर जाऊन थांबतो. ऑल-टेरेन म्हणजे दोघांमधली तडजोड. ठोकळे आहेत, पण एकमेकांत गुंतलेले. प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक रेघा असतात, त्या ओल्या आणि बर्फाळ रस्त्यावर पकड देतात. खडीच्या वाटेवर दगड खाचेत अडकून रबरात शिरू नये म्हणून तळाशी लहान उंचवटे. मामांच्या फिरण्यात नव्वद टक्के डांबर, उरलेल्यात बहुतेक खडी. त्यांच्यासाठी ऑल-टेरेनच बरोबर, चिखलाचा टायर नाही. हा निर्णय पाच मिनिटांत झाला. नक्षीवर याहून जास्त वेळ घालवणाऱ्यांना मी सांगेन की तो वेळ पुढच्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

दुकानदाराने २७ × ८.५० आर १४ हे माप सुचवलं. अमेरिकेतल्या सिंक्रोवाल्यांचं हे वर्षानुवर्षांचं लाडकं माप. मूळची १४ इंची डिस्क ठेवता येते, उंची ६५० वरून ६८६ मिलिमीटरवर जाते आणि गाडी रुबाबदार दिसते. मामांनाही ते पसंत होतं. मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं, “मामा, आधी गाडी भरून काट्यावर घालू या. मग माप ठरवा.”

मामी म्हणाल्या, “अहो, मग खरंच भरा. नाहीतर रिकामी गाडी तोलून याल.”

त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं. कारखान्याच्या कागदावरचं वजन रिकाम्या गाडीचं असतं. व्हॅन मात्र कधीच रिकामी चालत नाही. आम्ही डिझेलची टाकी भरली, पाण्याची टाकी भरली. भांडी, गॅस, अंथरुणं, हत्यारांची पेटी, वरच्या रॅकवरचा ताडपत्रीचा मांडव, खुर्च्या, सगळं जसं प्रवासात असतं तसं ठेवलं. दोघं आपापल्या जागी बसले आणि मी मागे. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवर वजनकाटा होता, आणि तिथल्या माणसाला अशा गिऱ्हाइकांची सवय दिसली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. त्यानंतर मामांनी गाडी अशी लावली की डाव्या बाजूची चाकंच काट्यावर राहतील, आणि शेवटी एकटं मागचं डावं चाक.

पूर्ण वजन २,५३० किलो भरलं. या गाडीची परवानगी अडीच टनांच्या आसपास, म्हणजे आम्ही काठावर नव्हे, काठाच्या पलीकडे होतो. मागच्या आसावर १,३४० किलो. इंजिन मागे आहे, त्यामुळे हे अपेक्षितच. खरी गोष्ट डाव्या-उजव्या तोलात निघाली. मागच्या डाव्या चाकावर ७१० किलो, उजव्यावर ६३०. वेस्टफालियाने फ्रिज, शेगडी, पाण्याची टाकी आणि कपाट असं सगळं स्वयंपाकघर डाव्या भिंतीला लावलेलं आहे. गाडी वरून सरळ दिसते, पण एक चाक बाकीच्या तिघांपेक्षा कितीतरी जास्त भार वाहत असतं. टायर निवडायचा तो त्या चाकासाठी.

प्रत्येक टायरच्या कडेवर, मापाच्या पुढे, भाराचा एक क्रमांक असतो. तो किलो नव्हे, किलोच्या ठरलेल्या तक्त्यातली जागा असते. ९५ म्हणजे ६९० किलो, ९७ म्हणजे ७३०, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००, ११० म्हणजे १,०६०. दुकानातल्या त्या देखण्या २७ × ८.५० आर १४ वर ९५ लिहिलेलं होतं. एका टायरची कमाल क्षमता ६९० किलो, आणि मागच्या डाव्या चाकावर ७१०. जो टायर खडतर रस्त्यासाठी म्हणून विकला जात होता, तो सपाट रस्त्यावर उभ्या गाडीलाच पुरत नव्हता. आणि गाडीवरचे जुने, सडपातळ, कसलाही रुबाब नसलेले १८५ आर १४ सी? त्यांच्यावर १०२ होतं, म्हणजे ८५० किलो. दिसायला किडकिडीत टायर दांडग्यापेक्षा १६० किलो जास्त उचलत होता.

यामागचं कारण टायरच्या पोटात आहे. भार रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. कडांमधले धाग्यांचे थर त्या हवेला धरून ठेवतात. मालवाहू गाडीच्या ‘सी’ टायरमध्ये हे थर मजबूत असतात, म्हणून त्यात ६५ पीएसआयपर्यंत हवा भरता येते. अमेरिकी पद्धतीत हलक्या ट्रकच्या टायरला सी, डी, ई अशा श्रेणी असतात. सी म्हणजे कमाल ५० पीएसआय, डी म्हणजे ६५, ई म्हणजे ८०. दोन्हीकडे ‘सी’ हे अक्षर आहे, पण अर्थ निराळा. युरोपी सी म्हणजे मालवाहू, अमेरिकी सी म्हणजे या तिन्हींतली सर्वांत खालची. दुकानात यावरून हमखास घोळ होतो. आणि कडेवरचा क्रमांक लागू होतो तो त्या कमाल हवेलाच. ८५० किलोचा टायर ३० पीएसआयवर चालवला तर तो ८५० उचलत नाही. भार जास्त आणि हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते. उन्हाळ्यातल्या लांब महामार्गावर फुटणाऱ्या कित्येक टायरांची गोष्ट एवढीच असते.

मोटारीसाठी बनलेला टायर व्हॅनला किंवा ट्रकला लावायचा असेल तर अमेरिकी मानकानुसार त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी लागते, कारण उंच आणि जड गाडी वळणावर बाहेरच्या चाकांवर जादा भार टाकते. हा नियम युरोपातल्या किंवा आपल्याकडच्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असतोच असं नाही. पण तो शहाणपणाचा आहे आणि मी तो पाळावा असं म्हणेन.

क्षमता कळल्यावर उंचीचा प्रश्न आला. टायर मोठा केला की गाडी किती उचलली जाते? उंचीतल्या फरकाच्या निम्मीच, कारण आस मध्यभागी असतो. ६५० वरून ७०३ मिलिमीटरवर गेलं, म्हणजे २१५/७५ आर १५ हे माप घेतलं, तर उंची ५३ ने वाढते आणि गाडीचं पोट जमिनीपासून २६-२७ मिलिमीटर वर येतं. दगडी वाटेवर हे कमी नाही. पण त्याची किंमत इंजिन मोजतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, म्हणजे सगळे गिअर एकदम ८ टक्क्यांनी उंच झाल्यासारखे होतात. वेगाचा काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०८ च्या जवळ असते. आणि रस्त्याला मिळणारा रेटा साडेसात टक्क्यांनी घटतो. ७० अश्वशक्तीच्या, अडीच टनांच्या गाडीला हे जाणवतं. चौथ्या गिअरमध्ये जो घाट निघायचा, तो आता तिसऱ्यात चढावा लागतो. सिंक्रोमध्ये पहिल्याच्याही खालचा एक गिअर आहे. त्याच्यावर ‘जी’ लिहिलेलं असतं आणि तो निव्वळ अवघड जागांसाठी. त्याचाही जोर तेवढाच कमी होतो. थेट २०५ आर १६ वर उडी मारली तर फरक १३ टक्क्यांचा. कारखान्याने त्या मापासाठी गिअर का बदलले ते इथे कळतं. मूळ गिअर ठेवून ७३५ मिलिमीटरचा टायर लावणाऱ्यांना पुढे गिअरबॉक्स खोलावा लागतो, आणि या गाडीचा गिअरबॉक्स स्वस्त नाही.

टायरचं स्वतःचं वजनही मोजायला हवं. १८५ आर १४ सी दहा-अकरा किलोंचा असतो. मर्सिडीज स्प्रिंटरसारख्या आजच्या मोठ्या व्हॅनवर लागणारा २४५/७५ आर १६, ई श्रेणीतला ऑल-टेरेन, वीस किलोच्या वर जातो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे आणि फिरणारं आहे. ते फिरवायला इंजिन हवं, थांबवायला ब्रेक, खड्ड्यात आवरायला शॉक अब्सॉर्बर. स्प्रिंटरमध्ये या तिन्ही गोष्टींना तेवढी ताकद आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या सिंक्रोत नाही.

आता डिस्क. १४, १५ की १६? पुष्कळांना वाटतं की डिस्क मोठी म्हणजे गाडी दणकट. वास्तवात कच्च्या रस्त्यावर लागते ती टायरची उंच कड. मित्सुबिशीच्या डेलिका डी-५ या जपानी फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅनचं उदाहरण बोलकं आहे. ती दोन मापांत येत आली, २१५/७० आर १६ आणि २२५/५५ आर १८. दोन्हींची बाहेरची उंची ७०५ मिलिमीटरच्या आसपास. पण १६ वाल्याची कड १५० मिलिमीटर, १८ वाल्याची १२४. दगडावर आपटल्यावर डिस्कची कड वाकू नये म्हणून मधे जेवढं रबर हवं, ते १६ वाल्यात बोटभर जास्त. मी ती गाडी घेतली असती तर डोळे मिटून १६ घेतली असती. रशियातल्या उल्यानोव्स्कची ‘बुखान्का’ व्हॅन १९६५ पासून रस्त्यावर आहे आणि तीही १६ इंची डिस्क आणि २२५/७५ च्या उंच कडेवरच चालते.

सिंक्रोत १४ वरून १५ वर जायचं कारण निराळं आहे. १४ इंचात चांगल्या क्षमतेचे ऑल-टेरेन टायर आता फारसे बनतच नाहीत. १५ मध्ये २१५/७५ हे माप हलक्या ट्रकच्या टायरमध्ये १०० क्रमांकाचं मिळतं, ८०० किलोचं. कड १६१ मिलिमीटर, मूळच्या टायरपेक्षा थोडी उंचच. डिस्कचा प्रश्न मर्सिडीजमुळे सोपा होतो. दोन्ही गाड्यांच्या चाकांना पाच भोकं आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११२ मिलिमीटर. भंगारातून मर्सिडीजची १५ इंची डिस्क आणून सिंक्रोला लावणारे युरोपभर सापडतात. पण भोकं जुळली म्हणजे डिस्क जुळली असं नाही. नट जिथे टेकतो ती बैठक गोलाकार आहे की शंकूची, आणि गोलाकार असेल तर तिची त्रिज्या नटाशी जुळते का, हे पाहावंच लागतं. बैठक चुकली तर नट घट्ट वाटतो आणि रस्त्यात सैल होतो. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे डिस्कचं बाहेर-आत बसणं, ज्याला ईटी म्हणतात. चाक फार बाहेर आलं की बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो आणि स्टिअरिंग जड होतं. फार आत गेलं की पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूला घासतो. म्हणूनच मी रुंद टायरच्या विरोधात आहे. व्हॅनच्या कमानीत जागा कमी असते. बर्फात आणि पातळ चिखलात अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. वाळूत तरंगायला रुंदी हवी असं वाटतं, पण तिथेही खरं काम हवा कमी करण्याने होतं.

सिंक्रोची आणखी एक अट आहे, आणि ती न पाळणाऱ्यांनी मोठे भुर्दंड भरले आहेत. पुढच्या डिफरन्शियलजवळ एक बंद डबा असतो, व्हिस्कस कपलिंग. आत धातूच्या पातळ चकत्या आणि घट्ट सिलिकॉन द्रव. अर्ध्या चकत्या एका दांड्याशी बांधलेल्या, अर्ध्या दुसऱ्याशी. पुढची आणि मागची चाकं सारख्या गतीने फिरत असतात तोवर डबा शांत असतो. मागची चाकं घसरून जोरात फिरू लागली की चकत्यांमधला द्रव ओढला जातो, तापतो, घट्ट धरतो आणि ताकद पुढे जाते. चालकाला काही करावं लागत नाही. पण पुढे घासलेले टायर आणि मागे नवे असतील तर हा डबा सतत फसतो. नव्या ऑल-टेरेनची नक्षी घासलेल्यापेक्षा ६-७ मिलिमीटर खोल असेल तर व्यासात १३ मिलिमीटरचा फरक पडतो, पावणेदोन टक्क्यांहून थोडा जास्त. ढोबळ हिशोबाने १०० किलोमीटरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा ८०० हून अधिक फेरे जास्त घेतात. ते सगळे फेरे त्या डब्यात उष्णता होऊन जिरतात. कपलिंग जुनं होऊन आधीच ताठलेलं असेल तर हा ताण थेट गिअरबॉक्सवर जातो. म्हणून चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले हवेत. आणि ठरावीक अंतरावर पुढचे मागे, मागचे पुढे. खरं म्हणजे पाच टायर घ्यावेत आणि स्टेपनीलाही त्या फेऱ्यात घ्यावं.

स्टेपनीची पंचाईत इथेच सुरू होते. टी-३ ची स्टेपनी गाडीच्या नाकाखाली, एका लोखंडी तबकात आडवी झोपलेली असते. ते तबक मूळच्या मापाचं. ७०३ मिलिमीटरचा टायर त्यात मावत नाही. ‘तात्पुरती म्हणून जुनीच राहू दे’ हा सल्ला सिंक्रोला चालत नाही, कारण लहान चाक एका कोपऱ्यात लावून गाडी हाकली की वरचाच सगळा प्रकार घडतो. त्यामुळे मोठा टायर घेणाऱ्याला मागच्या बाजूला उघडझाप होणारा स्टेपनीचा स्टँड लावावा लागतो. टायर बदलण्याचा खर्च मांडताना हा स्टँड बहुतेकांच्या हिशोबात नसतो.

आता हवा. माझ्या लेखी हा या विषयातला सगळ्यांत मोलाचा भाग आहे, कारण याला पैसे लागत नाहीत. टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळमानाने भार भागिले दाब असं निघतं. ६५० किलोचा भार आणि ४० पीएसआय हवा असेल तर एक चाक सुमारे २३० चौरस सेंटिमीटर टेकतं. तीच हवा १८ वर आणली तर टेकणारी जागा ५०० च्या वर जाते, दुपटीहून जास्त. ही जागा रुंदीत नव्हे, लांबीत वाढते, म्हणून अरुंद टायरलाही वाळूत तोच फायदा मिळतो. मोरोक्कोच्या वाळूत मामांनी हेच केलं होतं, तेही जुन्या सडपातळ टायरांवर. खडीच्या वाटेवर २५ ते २८ पुरते. टायर दगडाभोवती वाकतो, कापला जात नाही, आणि गाडीतली भांडी खडखडत नाहीत. मात्र हवा कमी असताना वेगही कमी हवा. १५ च्या खाली गेलं की वळणावर टायर डिस्कवरून निसटण्याचा धोका असतो. आणि डांबर लागताच थांबून परत भरायची, दहा मिनिटं लागली तरी. बॅटरीवर चालणारा चांगला पंप आणि विश्वासाचा दाबमापक एवढी दोन हत्यारं असलेला माणूस साध्या टायरवर जिथे पोचतो, तिथे ती नसलेला महागड्या टायरवरही पोचत नाही.

आपल्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन दुर्मीळ असली तरी जर्मन व्हॅनशी आपलं नातं जुनं आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर हानोमागच्या आराखड्यावर बनली आणि टेम्पो ट्रॅव्हलर मर्सिडीजच्या. त्याच कंपनीची, आताच्या फोर्स मोटर्सची, गुरखा जीप २०२१ मध्ये २४५/७० आर १६ वर होती आणि २०२४ मध्ये २५५/६५ आर १८ वर गेली. उंची सुमारे ४ सेंटिमीटरने वाढली, पण कड मात्र १७१ वरून १६६ मिलिमीटरवर आली. ट्रॅव्हलरला राहती गाडी करून घेणारे आता पुष्कळ आहेत. त्यांनी पलंग, टाकी आणि बॅटऱ्या बसवून झाल्यावर एकदा कोपऱ्या-कोपऱ्याचं वजन करून पाहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, तेव्हा मापाशी खेळ करण्याआधी आरटीओला विचारणं बरं. आणि मराठवाड्यातली, सोलापूरकडची काळी माती पावसात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ऑल-टेरेनची हद्दही कळते. ती माती दोन फेऱ्यांत सगळ्या खाचा भरून टाकते आणि टायर गोटा होतो. तिथे मोकळ्या नक्षीचा चिखलाचा टायरही जेमतेम चालतो. शहाणा माणूस वाफसा येईपर्यंत थांबतो.

कायद्याचं युरोपातही सोपं नाही. जर्मनीत गाडीच्या कागदांवर नसलेलं माप लावलं तर तपासनीसाकडून मंजुरी घेऊन ते कागदांत नोंदवावं लागतं, नाहीतर गाडीचा परवानाच जातो. हिवाळ्यासाठी कडेवरचं ‘एम+एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, हे आता तिथे पुरत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्हच लागतं. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर हवी. मामा दोन्ही देशांत फिरतात. तेव्हा चिन्ह असलेलाच ऑल-टेरेन घ्यायचा हे ठरलं, आणि निम्मे पर्याय आपोआप गळाले.

शेवटी मामांनी २१५/७५ आर १५, क्रमांक १००, असे पाच टायर घेतले. १५ इंची लोखंडी डिस्क घेतल्या. ॲल्युमिनियमच्या हलक्या असतात, पण लोखंडी वाकली तर कुठल्याही खेड्यात ठोकून सरळ होते. छपरावरचा रॅक काढून टाकला. लोखंडी हत्यारांची पेटी उजवीकडे नेली. नट ठरलेल्या ताकदीने आवळले आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. तपासनीसाने मंजुरी दिली, कागद झाले. पहिल्याच घाटात तिसरा गिअर लागला, आणि मामांनी तो तक्रार न करता टाकला.

मग स्टेपनीचा स्टँड मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसला. स्टेपनी आतापर्यंत नाकाखाली होती, म्हणजे तिचं वजन पुढच्या चाकांवर पडायचं. ती आता आसाच्याही मागे लटकू लागली, शिवाय स्टँडचं स्वतःचं लोखंड. मामींनीच आठवण केली, “अहो, काट्यावर परत जायला हवं ना?” खाणीवर गाडी पुन्हा तोलली. छपराचा रॅक उतरवूनही, पेटी हलवूनही, मागचं डावं चाक ७४५ किलोवर गेलं होतं. दुकानात सुचवलेला ६९० किलोचा टायर घेतला असता तर तो ५५ किलोंनी कमी पडला असता. घेतलेला ८०० चा होता. मामांनी टायर कंपनीच्या तक्त्यात ७४५ ची ओळ शोधली, मागची हवा तीन पीएसआयने वाढवली आणि नवा आकडा चालकाच्या दाराच्या आत लिहून ठेवला.